होडीतून रोहित टिपताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण. भीमेवरच्या उजनी धरणाचा पाणफुगवटा इथे उथळ पसरतो आणि हिवाळ्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, त्यातला गाळ चाळत उभे असतात. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमारच होड्या चालवतात.

ट्रायपॉड किनाऱ्यावरच ठेवावा. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. त्यापेक्षा लेन्स हातात धरावी किंवा होडीच्या काठावर बीन बॅग ठेवून तिच्यावर टेकवावी. होडी डुलते, पक्षीही हलतो, म्हणून शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. पांढऱ्या पिसांवर ऊन पडलं की बारकावे उडून जातात, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवावं. आणि उभं राहू नये: पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरचा फोटो हमखास सरस येतो.

खाताना रोहिताची चोच पाण्यात उलटी असते. माना एकदम वर झाल्या आणि थवा एकाच दिशेने चालू लागला, की होडी फार जवळ आली. इंजिन बंद करून बांबूने मागे रेटावी. उडण्याआधी रोहित पाण्यावर धावतो. तो फोटो देखणा असतो खरा, पण त्यासाठी थवा मुद्दाम उठवणारे महाभागही भेटतात. अशांच्या होडीत बसू नये.