मांडवाखालचे कवडसे

थंडी पडू लागली की जांब समर्थच्या शिवारात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले जातात. खुडलेल्या पाल्याची भाजी होते आणि खुडलेले झाड आठवडाभरात बाजूने फुटून पसरते. त्याआधी पावसाळ्यात तुरीचा शेंडा खुडून झालेला असतो. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास शेंडा मोडला तर तूर उंच न जाता डेरेदार होते आणि शेंगांच्या फांद्या वाढतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. याच साध्या कृतीला आडव्या जाळीची जोड मिळाली की द्राक्षाचा मांडव उभा राहतो. दोडक्या-कारल्याचा मांडवही त्यातूनच होतो, आणि परदेशात बंद खोलीत दिव्याखाली वाढवल्या जाणाऱ्या झाडांची ‘स्क्रीन’ही. मांडव वेलीला आधार देण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आधार एखादी काठीही देते. मांडवाचे खरे काम आहे ऊन वाटण्याचे.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ महाराष्ट्राला माहीत आहे ते समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म इथे झाला. समर्थांनी झाडाझुडपांवर ‘बाग प्रकरण’ लिहिले आहे, हे मात्र दासबोध वाचणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसते. गावाच्या आसपासचा मुलूख मोसंबीचा, कपाशीचा आणि जिथे पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी पोचते तिथे उसाचा. मोसंबीच्या बागायतदाराला शेंड्याचा स्वभाव वेगळ्या वाटेने भेटतो. खोडातून किंवा जाड फांदीतून सरळ वर उसळणारा, भराभर वाढणारा आणि फळ न देणारा फुटवा म्हणजे पाणसोट. तो दिसला की काढायचा, हा बागेतला पहिला धडा.

शेंड्याची सत्ता

झाडाचा सर्वात वरचा कोंब खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. पानाच्या बगलेत प्रत्येक ठिकाणी एक डोळा तयार असतो, पण शेंडा जिवंत आहे तोवर त्यातले बहुतेक झोपलेले राहतात. यामागे ऑक्सिन नावाचे संप्रेरक आहे. ते शेंड्याच्या कोवळ्या पानांत तयार होते आणि खोडातून खाली वाहते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावले. शेंडा नसूनही बाजूचे डोळे दबलेलेच राहिले. शेंड्याची सत्ता रसायनाची आहे, हे त्यातून दिसले.

पुढे हे चित्र आणखी भरत गेले. मुळांकडून वर येणारी सायटोकायनिन्स डोळ्यांना जागे करतात, तर २००८ मध्ये उलगडा झालेली स्ट्रायगोलॅक्टोन्स त्यांना रोखतात. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शेंडा मोडताच त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते, आणि डोळे जागे होण्याची पहिली खूण ऑक्सिन घटण्याच्याही आधी याच साखरेतून मिळते. शेंडा खालच्यांना नुसते दाबत नाही, त्यांच्या वाट्याचे खातोही.

ही सत्ता उतरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, शेंडा मोडणे. दुसरा, फांदी आडवी करणे. उभी फांदी जमिनीला समांतर बांधली की तिची लांबी वाढण्याचा वेग मंदावतो आणि तिच्या वरच्या बाजूचे डोळे ओळीने फुटू लागतात. युरोपातले माळी भिंतीलगत सफरचंद आणि नासपतीच्या फांद्या आडव्या बांधत आले ते यासाठीच. आपला द्राक्ष बागायतदार दोन्ही मार्ग एकाच वेलीवर वापरतो.

जाळी आडवी का?

फ्रान्समधल्या द्राक्षबागांची छायाचित्रे पाहिली तर वेली उभ्या तारांवर कुंपणासारख्या चढवलेल्या दिसतात. आपल्याकडे सात फुटांवर आडवा मांडव. फरकाचे एक मोठे कारण आकाशात आहे. बोर्दो शहर ४५ अक्षांशाच्या जवळ आहे, तिथे ऐन जूनमध्येही दुपारचा सूर्य ६९ अंशांच्या वर चढत नाही. ऊन तिरपे येते, आणि तिरपे ऊन उभ्या भिंतीवर चांगले पडते. जांब समर्थ साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. इथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मधले दोन महिनेही तो डोक्यापासून फार ढळत नाही. वरून सरळ कोसळणारे ऊन झेलायला आडव्या पृष्ठभागासारखी दुसरी रचना नाही.

मांडवाचा दुसरा फायदा फळाला होतो. पाने जाळीच्या वर राहतात आणि घड जाळीखाली लोंबतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याचे ऊन तापू लागते, तेव्हा मणी सावलीत राहतात आणि उन्हाने करपत नाहीत. जिथे ऊन कडक आहे आणि घड टेबलावर देखणा दिसायला हवा आहे, अशा इतर देशांतही हीच युक्ती सापडते. इटलीच्या दक्षिणेत तिला ‘तेंदोने’ म्हणतात, चिलीत ‘पार्रोन’, तर जपानमध्ये द्राक्ष आणि नासपती दोन्ही ‘ताना’ नावाच्या आडव्या मांडवावर घेतात.

दौलताबाद ते कडवंची

मराठवाड्याला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. उत्तरेकडची वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. दख्खनच्या उबदार हवेत ती झोपतच नाही, म्हणून हे शक्य होते. तिचा हाच गुण आजच्या बागायतदाराने वेगळ्या तऱ्हेने कामाला लावला आहे. तो वर्षातून दोनदा छाटतो आणि फळ एकदाच घेतो.

जालना जिल्ह्यात या बागांचे नाव निघाले की कडवंची आठवते. जालना तालुक्यातल्या या गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून माथा ते पायथा कामे झाली. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि ते चालवणारे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ त्यामागे होते. विजयअण्णा बोराडे यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. बांधबंदिस्ती झाली, विहिरींना पाणी टिकू लागले, पुढे प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आली, ठिबक आले आणि त्यामागून द्राक्षाचे मांडव आले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. त्या काळात कडवंचीची शेततळी पाहायला लोक लांबून येत होते.

दोन छाटण्यांचे वर्ष

मांडव उभारणे हा मोठ्या खर्चाचा मामला. कडेला तिरपे ताणलेले लोखंडी अँगल, आत उभे खांब, वर जाड तारांची चौकट आणि त्यावर बारीक तारांची जाळी. खाली खुंटरोप, बहुधा डॉगरिज जातीचे, कारण ते पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसते. त्यावर हव्या त्या जातीची कलम काडी. वेल सुतळीने बांबूला बांधून सरळ वर नेतात आणि वाटेतली प्रत्येक बगलफूट काढून टाकतात. जाळीच्या थोडे खाली आल्यावर शेंडा मारतात. तिथून फुटलेल्या फांद्या आडव्या वळवल्या की ते झाले ओलांडे. ओलांडाही एका दमात लांब जाऊ देत नाहीत. काही पानांवर थांबवायचा, बगलेतल्या काड्या तयार करून घ्यायच्या, मग पुढे न्यायचा. घाई केली तर ओलांड्याच्या मध्यावर डोळे फुटत नाहीत आणि ती रिकामी जागा वेलीच्या आयुष्यभर तशीच राहते.

एप्रिलमधली छाटणी ती खरड छाटणी. ओलांड्यावर एकेक डोळा राखून सगळे उतरवतात. नव्या फुटी आल्या की विरळणी होते. सहा-सात पानांवर शेंडा मारून त्याच्या बगलेतली एक फूट पुढे चालवतात, तिला सबकेन म्हणतात. पुढच्या हंगामाचा घड नेमका याच दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म रूपाने घडत असतो. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांचा हा काळ म्हणजे मे-जून, सूर्य डोक्यावर असतानाचा. त्या वेळी डोळ्यावर ऊन पडले तर तो घडाचा होतो. सावलीत राहिला तर तिथे घडाऐवजी बाळी (नुसता तणावा) निघते किंवा काडी वांझ राहते. पाऊस-ढगांनी जून झाकोळला की बागायतदार अस्वस्थ होतो तो यामुळेच, कारण फळ दिसण्याच्या चार महिने आधीच त्याचा निकाल लागत असतो.

ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. त्याआधी बरेच जण काड्या तपासायला देतात. डोळा चिरून भिंगाखाली पाहिला की कितव्या डोळ्यात घड आहे ते कळते आणि काडी किती डोळ्यांवर कापायची ते ठरते. आपल्या सौम्य थंडीत डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात. नंतर घडांची विरळणी, जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये बुडवणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल बाहेर.

जाळी भरली की बिघडली

नवशिक्याला हिरवागार, गच्च भरलेला मांडव पाहून आनंद होतो. जाणत्याला धास्ती वाटते. द्राक्षाचे एक पान त्याला उपयोगी असलेल्या प्रकाशातले ९० टक्क्यांहून अधिक ऊन शोषून घेते. त्याच्याखालच्या पानाला ६ टक्क्यांच्या आसपास मिळते, तिसऱ्या थराला अर्धा टक्काही नाही. त्या अंधारातली पाने कमावत कमी आणि खातात जास्त. गच्च मांडवाखाली दमट हवा कोंडते आणि पावसात केवडा, पुढे भुरी हे रोग मुक्कामाला येतात. फवारा वरच्या थराला लागतो, आतल्या पानांना पोचत नाही.

मांडवाचे आणखी एक दुखणे आहे. सगळी बाग एकाच जाळीने बांधलेली असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपले. अशा माऱ्यात घडांनी लगडलेल्या मांडवाचा कडेचा ताण सुटला तर ओळीच्या ओळी खाली बसतात. ‘बाग झोपली’ हे दोन शब्द पुरेसे होतात. म्हणून अनेकांनी ‘वाय’ पद्धत धरली. प्रत्येक ओळ स्वतंत्र, इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन बाजू आणि मधून वारा व ट्रॅक्टर जायला वाट. खर्च कमी, हवा मोकळी. मात्र तिथे घडावर ऊन येऊ शकते, त्यामुळे पानांचे छप्पर राखताना जास्त सावध राहावे लागते.

दिव्याखालची स्क्रीन

ज्या देशांत कायद्याने मुभा आहे तिथे गांजाची झाडे बंद खोलीत दिव्याखाली वाढवतात आणि कुंड्यांवर आडवी जाळी ताणून प्रत्येक फांदी तिच्याखाली वळवतात. तत्त्व मांडवाचेच, पण कारण थोडे वेगळे. सूर्य इतका लांब आहे की झाडाच्या शेंड्याला आणि बुडाला, मध्ये सावली नसेल तर, सारखेच ऊन मिळते. दिवा हातभर अंतरावर असतो. अंतर थोडे वाढले तरी त्याचा उजेड झपाट्याने घटतो, म्हणजे उंच फांदी भाजते आणि बुटकी उपाशी राहते. सगळे शेंडे एका पातळीत आणणे हाच तिथला उपाय. भारतात हा प्रयोग करायला वाव नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना गांजाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरी-कपाशीच्या आडोशाने लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामागे हेच कलम असते.

अंगणातला मांडव

ज्याला ही कला हाताने शिकायची आहे त्याच्यासाठी दोडका किंवा कारले उत्तम. साडेसहा फुटांवर तार किंवा नायलॉनची जाळी ताणावी. वेल सुतळीवर चढू लागली की जाळीपर्यंतची प्रत्येक बगलफूट आणि तणावे काढत जावे. इथे मन कच्चे करून चालत नाही. खालच्या फुटी सावलीत राहणार, मातीजवळ रोग घेणार आणि वरच्या वाढीतले खाणार. वेल जाळीवर दोनेक फूट पुढे गेली की शेंडा खुडावा. फुटलेल्या फांद्या चारी दिशांना रिकाम्या चौकोनांकडे वळवाव्यात, एकीवर दुसरी चढू देऊ नये. फळ जाळीखाली मोकळे लोंबू द्यावे. जमिनीवरचा दोडका वाकडा होतो आणि मातीला टेकून सडतो. लोंबणारा स्वतःच्या वजनाने सरळ वाढतो आणि बाजारात भाव घेतो.

परीक्षा दुपारी बाराला घ्यावी. मांडवाखाली उभे राहून वर न बघता जमिनीकडे बघावे. सगळीकडे लख्ख ऊन असेल तर जाळी रिकामी आहे, आणखी फांद्या हव्यात. जमीन अखंड काळी असेल तर मांडव स्वतःलाच खातो आहे, कात्री घ्यावी. लहान-लहान कवडसे सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले तर बहुतेक प्रत्येक पानाला त्याचा वाटा मिळतो आहे. द्राक्षाच्या बागेतला जाणता माणूसही हेच बघतो, महागडे यंत्र त्याच्याकडे असो वा नसो. वेल लावणे सोपे आहे, तार ताणणे पैशाने होते. मांडव जमतो तो काय काढायचे आणि कधी काढायचे हे कळणाऱ्यालाच.