ताप सारखाच, निर्णय वेगळा

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरच्या वस्त्यांतल्या आपल्या कित्येक मुली आज एएनएम, जीएनएम शिकत आहेत. त्यांना आम्ही एकच सांगतो: ताप मोजणे सोपे आहे, त्या तापाचा अर्थ लावणे ही खरी नर्सिंग.

दोन लेकरांना १०१ ताप आहे. त्यातल्या एकाला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही आढळतो. अशा लेकराची पानथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होऊ लागते, म्हणून साधा वाटणारा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. त्याला रांगेत बसवायचे नाही. लगेच डॉक्टरांना बोलवायचे. नाडी, श्वास, ऑक्सिजन मोजायचा. लेकरू एकाएकी पांढरे पडले आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगले, तर रक्त पानथरीत अडकलेले असू शकते. तिथे काही तासांचाच खेळ असतो.

शिकाऊ असताना आम्हीही हातपाय दुखतात म्हणून रडणाऱ्या एका पोराला 'थांब जरा' म्हटले होते. त्याचे पिवळे डोळे दिसले होते, पण आम्ही काही विचारले नाही. ते अजून सलते. दुखणे किती आहे, हे रुग्णच सांगू शकतो. औषध दिल्यावरही पुन्हा जाऊन पाहावे लागते.

आयाबायांनो, तुमचाही यात वाटा आहे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. कार्ड जवळ ठेवा. ताप आला की घरी वाट पाहू नका, १०८ला फोन करा. दवाखान्याच्या दारातच पहिले वाक्य बोला: "याला सिकलसेल आहे." सिस्टरचा निर्णय तिथूनच सुरू होतो.