दूधपोळीवरचं मांजर

पशुवैद्यांना मराठी घरांतून हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. आमच्याकडे मांस-मच्छी होत नाही. कुत्रा दूधपोळी खाऊन मजेत आहे, मग मांजराला ती का चालू नये? प्रश्न रास्त आहे. दोघंही एकाच स्वयंपाकघराच्या दारात ताटकळतात आणि संधी मिळाली तर एकाच वाडग्यात तोंड घालतात. त्यांच्या पोटांचा इतिहास मात्र वेगळा आहे.

आधी कुत्र्याचं पाहू. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना मांडली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या. कुत्र्यांत चारपासून थेट तीसपर्यंत. माणसाच्या वस्तीवरचं उष्टंखरकटं खाता खाता कुत्र्यानं पोळी पचवायची सोय करून घेतली, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणूनच ‘ग्रेन फ्री’ असं ठळक छापून चढ्या भावानं विकलं जाणारं डॉग फूड पाहिलं की गंमत वाटते. उलट अशा काही खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ साली जाहीर केली. निर्णायक निकाल लागलेला नाही, पण धान्य वगळणं म्हणजे आरोग्य हे समीकरण तेव्हापासून डळमळलं आहे. अर्थात नुसत्या पोळीवर कुत्र्याचंही भागत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम त्यालाही हवंच.

मांजराची गोष्ट निराळी. त्याला गोड चवच कळत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शिया ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याचं कारण दाखवून दिलं: गोड चव ओळखणारा ग्राहक दोन जनुकांच्या जोडीनं बनतो आणि मांजरात त्यांतलं एक निकामी झालेलं आहे. वाघ आणि चित्त्यातही तसंच. तेव्हा बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालणारी मनी साखरेपायी येत नाही, तिला साय आणि दुधातली प्रथिनं खुणावतात. त्यातही बऱ्याच प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना फरशी पुसावी लागते.

ज्याच्या दारात रोज तयार डबा येतो, तो घरातला मिक्सर बिघडला तरी दुरुस्त करायला धावत नाही. मांजराच्या पूर्वजांना हा डबा उंदीर आणि पाखरांच्या रूपात लाखो वर्षं मिळत गेला. गाजरातल्या कॅरोटीनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणं माणसाला आणि कुत्र्याला जमतं, मांजराला जमत नाही. त्याला ते यकृतासारख्या पदार्थांतून आयतंच लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी १९७८ साली आणखी धक्कादायक गोष्ट दाखवली. आर्जिनीन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं जेवण, तेही फक्त एकदाच, मांजरांना दिलं. काही तासांत रक्तातला अमोनिया चढला. ओकाऱ्या आणि झटके सुरू झाले. (घरच्या मांजरावर ही वेळ येत नाही, कारण खऱ्या अन्नातल्या प्रथिनांत आर्जिनीन असतंच.)

पण या साऱ्या कथेचा नायक आहे टॉरिन. १९७५ साली हार्वर्डच्या के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की प्रथिनासाठी फक्त केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, मिळालेल्या मांजरांचं दृष्टिपटल झिजत जातं आणि त्यामागे टॉरिनची कमतरता आहे. टॉरिन मांसात, माशांत भरपूर. वनस्पतींत जवळपास नाहीच. बहुतेक प्राणी ते स्वतः पुरेसं बनवतात. मांजराला ते साधत नाही, आणि पित्तक्षार बनवताना त्याला टॉरिनच वापरावं लागत असल्यानं साठाही सतत घटतो.

डोळ्यांचा प्रश्न सुटला, असं सगळ्यांनी धरलं. पाकिटबंद खाण्यात ठरावीक टॉरिन आलं, ‘संपूर्ण आहार’ अशी ग्वाही छापली गेली. तरीही मांजरं हृदय निकामी होऊन मरतच होती: कप्पे ताणून मोठे, भिंती पातळ, आकुंचन क्षीण. डेव्हिसमधला तरुण हृदयविकारतज्ज्ञ पॉल पायन यानं अशा मांजरांच्या रक्तातलं टॉरिन मोजलं. ते तळाला गेलेलं निघालं, आणि ही मांजरं त्याच ग्वाहीच्या खाण्यावर वाढलेली होती. तोंडावाटे टॉरिन दिल्यावर हृदयं पुन्हा नीट आकुंचन पावू लागली. हे ऑगस्ट १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्पादकांनी प्रमाण वाढवलं आणि हा आजार दवाखान्यांतून जवळजवळ दिसेनासा झाला. आज अमेरिकी मानकानुसार सुक्या खाण्यात किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या ओल्या खाण्यात त्याच्या दुप्पट टॉरिन लागतं. दुप्पट अशासाठी, की डबा तापवताना अन्नात होणाऱ्या बदलांमुळे आतड्यातले जिवाणू जास्त टॉरिन फस्त करतात.

नाव पायनचं गाजलं आणि ते योग्यच. मात्र त्या शोधनिबंधावर रॉजर्स आणि मॉरिस यांचीही नावं आहेत. मांजराला नेमकं काय लागतं, हे वर्षानुवर्षं एकेक घटक काढून-घालून तपासणाऱ्या या दोघांविना पायनला रक्तात काय शोधायचं ते सुचलं असतं का, याची शंकाच आहे.

टॉरिन कळल्यावर एक जुनी दंतकथाही उलगडते. फ्रान्सिस पॉटेंजर या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरनं १९३२ ते १९४२ या काळात सुमारे नऊशे मांजरांवर प्रयोग केले. कच्च्या मांसावरची धडधाकट राहिली, शिजवलेल्यावरची पिढीगणिक खंगली. प्राण्यांना कच्चंच द्या, असं सांगणारे आजही पॉटेंजरकडे बोट दाखवतात. टॉरिनची गरज त्या काळी कुणाला ठाऊकच नव्हती; ते पाण्यात विरघळतं आणि शिजवताना निथळून जातं. त्यावर उपाय सोपा आहे: मांजरासाठी चिकन बिनमिठाचं उकडावं आणि ते पाणीही त्यालाच द्यावं. कच्च्याचे धोके तर आहेतच. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व ‘ब-१’, नष्ट करणारं विकर असतं. रोज असे मासे मिळाले तर मांजराची मान खाली झुकते, तोल जातो. शिजवल्यावर हे विकर निष्प्रभ होतं.

मग शाकाहारी मांजर अशक्यच का? गंमत अशी, की पाकिटांतलं टॉरिन सहसा कारखान्यात रसायनांपासून बनतं. प्राण्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे प्रयोगशाळेत जुळवलेला मांसविरहित आहार तत्त्वतः शक्य आहे. घरच्या दूधपोळीनं मात्र तो हिशेब जुळत नाही.

उरल्या दोन गोष्टी, दोन्ही घरात हाताशी असणाऱ्या. पहिली कांदा. त्यातल्या गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशी फुटतात, कुत्र्याच्याही. मांजराचं हिमोग्लोबिन आणखी हळवं. शिजवून हा दोष जात नाही, म्हणून उरलेला रस्सा दोघांनाही वर्ज्य. दुसरी पॅरासिटामॉल. हे औषध निकामी करणाऱ्या विकराचं जनुकही मांजरात मोडलेलं आहे, हे टफ्ट्स विद्यापीठातल्या मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लॅट यांनी २००० साली दाखवलं. तापल्यासारखं वाटतं म्हणून मायेनं दिलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पशुवैद्यांकडे असतो, पण तो लवकर मिळावा लागतो. गोळी पोटात गेल्याचं कळताच लक्षणांची वाट न पाहता स्ट्रिपसकट मांजराला दवाखान्यात न्यावं.