‘नेहमीची’ औषधे

दर महिन्याच्या शेवटी आमच्या घरी एक काम ठरलेले असे. सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी कपाटातल्या ड्रॉवरमधून काढायची आणि भाजीला जाता जाता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये द्यायची. घड्यांवर फाटलेली, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिलेली ती चिठ्ठी दुकानदार काउंटरवर पसरून चष्म्यातून न्याहाळायचे. कधी म्हणायचे, “वहिनी, ही गेल्या दिवाळीतली आहे. आजींना एकदा दाखवून आणा.” मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? ह्यांना काय करायचंय, पैसे देतोय ना आपण!

२०२० साली टाळेबंदी लागली आणि हे सगळे बदलले. चिठ्ठीचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला की औषधे दारात येऊ लागली. पुढे फोटोही लागेनासा झाला. मी नुसते लिहायची, “आईंची औषधे, नेहमीची.” संध्याकाळी दुकानातला मुलगा पिशवी आणून देई. गॅसवर कुकर ठेवून औषधे मागवता येतात, ह्यापेक्षा सोय ती कोणती?

मग एका पावसाळ्यात सासूबाईंचे घोटे सुजू लागले. चपलेचा अंगठा चढेना. आम्ही आधी लोणच्याला नावे ठेवली, मग पापडाला, मग वयाला. तीन आठवडे असे गेल्यावर त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एक स्ट्रिप उचलून म्हणाले, “ॲम्लोडिपिन दहाची? मी तर पाचची केली होती!”

केली होती खरी. नवी चिठ्ठी घरात ड्रॉवरमध्ये होती. पहिल्या महिन्याच्या गोळ्या दवाखान्याशेजारच्या दुकानातून आणल्या, त्या बरोबर होत्या. पुढच्या महिन्यात मी सवयीने “नेहमीची” लिहिले, आणि आमच्या दुकानदाराच्या फोनमध्ये नेहमीची म्हणजे जुनीच! रक्तदाबाच्या ह्या गोळीने काहींचे पाय सुजतात, आणि मात्रा जितकी मोठी तितकी सूज येण्याची शक्यता जास्त. पाचची गोळी सुरू केल्यावर सूज हळूहळू उतरली. माझ्या मनावरचे ओझे मात्र उतरायला वेळ लागला.

चूक कुणाची? दुकानदाराने तारीख बघायला हवी होती. पण “नेहमीची” हा शब्द माझा होता.

ह्या प्रकारानंतर मी जरा चौकशी केली, तेव्हा एक गोष्ट कळली. माझ्यासारख्या अनेकींना ती ठाऊक नसेल. औषध नियम, १९४५ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचे असते. पुन्हा द्यायचे असेल तर तसे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले असले पाहिजे. किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिले असेल तर त्याबाहेर द्यायचे नाही. शिवाय औषध दिल्यावर दुकानदाराने आपले नाव, पत्ता आणि तारीख त्या चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर टाकायची. तुमच्या घरातली चिठ्ठी काढून बघा बरं, आहे असे काही? आमच्या चिठ्ठीवर दुधाचा हिशेबच होता!

गंमत म्हणजे हा नियम कागदी चिठ्ठीसाठी केलेला. कागदावर शिक्का बसला की ती वापरलेली कळते. फोटोवर शिक्का कुठे मारणार? तो फोटो चार दुकानांना पाठवा, चार वर्षे पाठवा, कोरा तो कोराच.

म्हणून आता मी दवाखान्यातून उठण्याआधी डॉक्टरांना सांगते, “ही औषधे किती महिने चालू ठेवायची ते चिठ्ठीवर लिहा.” पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली होती. त्यांनी मुकाट्याने ‘तीन महिने’ लिहिले आणि पुढच्या तपासणीची तारीखही घातली. आणखी एक मागायचे: औषधाचे मूळ नाव स्वच्छ अक्षरांत. डॉक्टरांनी मूळ नाव लिहावे, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अशी तरतूद त्यांच्या नियमांत २०१६ साली आली आहे. त्याचा घरात फार उपयोग होतो. दुकानात एक कंपनी नसली की दुसरीची गोळी येते, खोक्याचा रंग बदलतो, आणि घरातली म्हातारी माणसे ती वेगळी गोळी समजून दोन्ही घेतात. स्ट्रिपवरचे बारीक अक्षरातले मूळ नाव जुळवून पाहिले की हा घोटाळा टळतो.

दर वेळी दवाखान्यात रांग लावायची का, असे तुम्ही म्हणाल. गुडघे धरलेल्या माणसाला दोन जिने चढवणे म्हणजे काय, हे मलाही ठाऊक आहे. २५ मार्च २०२० रोजी फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली, ती इथे कामाला येतात. प्रत्यक्ष तपासून सहा महिने झाले नसतील, आणि तक्रार तीच असेल, तर डॉक्टर फोनवर बोलून चालू औषधे पुन्हा लिहून देऊ शकतात. सहा महिने उलटले की रोगी नव्यानेच आल्यासारखा धरतात. पण नुसते ‘कंटिन्यू’ असा निरोप आला म्हणजे चिठ्ठी झाली नाही, बरं का. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा तशी डिजिटल चिठ्ठी मागून घ्यावी.

झोपेच्या गोळ्यांचे प्रकरण वेगळे. आमच्या शेजारच्या काकू मेडिकलवाल्यावर रुसल्या होत्या, “वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि मला अल्प्राझोलाम देत नाही म्हणतो!” बिचाऱ्याचा दोष नव्हता. १ मार्च २०१४ पासून अशा काही गोळ्या, शिवाय बरीच अँटिबायोटिक्स, ‘शेड्यूल एच-वन’ ह्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी दुकानदाराला वेगळी वही ठेवावी लागते. तीत डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव, औषध, किती दिले, सगळे लिहायचे आणि ती तीन वर्षे जपायची. तिथे ओळख चालत नाही. मात्र रोजची गोळी चिठ्ठीवाचून अडली, म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

घरी परतल्यावर मी माझ्या फोनमधला जुना फोटो पुसला. दुकानदारांच्या फोनमधला पुसायला मात्र स्वतः जावे लागले. त्यांनी शोधून शोधून तीन फोटो काढले, तिन्ही सासूबाईंचेच, तीन वेगळ्या सालांतले. ते पुसून, नव्या चिठ्ठीवर शिक्का मारून त्यांनी विचारले, “वहिनी, आता पुढच्या महिन्यात नेहमीची म्हणालात, तर कुठली समजू?”

“म्हणणारच नाही,” मी म्हटले.