अभ्यासाला बसायचं कुठं?

डिसेंबर उजाडला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक पर्यटकांचा, दुसरा परीक्षांचा. नागाव, आक्षी, रेवदंडा, काशीद, दिवेआगर या गावांतल्या कितीतरी घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. सोमवार ते गुरुवार घर घरासारखं असतं. शुक्रवारी संध्याकाळी आतली खोली पाहुण्यांना जाते आणि बारावीतल्या मुलीचं टेबल पडवीत येतं. त्या टेबलावर आधी पाण्याच्या बाटल्यांचा खोका ठेवला जातो, मग धुतलेल्या चादरींची चळत, आणि उरलेल्या कोपऱ्यात रसायनशास्त्राचं पुस्तक. सुरमईच्या थाळ्या किती नि शाकाहारी किती, हे कुणीतरी आतून ओरडून विचारतं. सोलकढी वाढायला माणूस कमी पडतं तेव्हा उठते तीच. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत असते, दहावीची त्यापाठोपाठ, आणि घराची वर्षाची कमाई नेमकी त्याआधीच्या महिन्यांत व्हायची असते. या मुलीला ‘घरी बसून अभ्यास का करत नाहीस?’ असं विचारणं अन्यायाचं आहे.

कोळीवाड्यातली अडचण निराळी. होडी बंदराला कधी लागणार हे भरती-ओहोटी ठरवते, शाळेचं वेळापत्रक नव्हे. पहाटे तीनला होडी आली की घरातले दिवे लागतात, म्हावरं निवडायला, बर्फात घालायला सगळे हात लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं घरी असतात आणि ओटीवर दुरुस्तीची जाळी पसरलेली असतात. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा साधारण याच दिवसांत येते. घर लहान, पाऊस कोसळतोय, बाहेर बसायची सोय नाही.

मग वाचनालयात जा, असं सांगणं सोपं आहे. कोकणाला वाचनालय ही काही नवी गोष्ट नाही. शेजारच्या रत्नागिरीतलं नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळू लागलं. त्या आधारावर गावोगावी वाचनालयं उभी राहिली, तगलीही. पण यातली बरीचशी गोष्टीची पुस्तकं घरी नेणाऱ्यांसाठी आणि वर्तमानपत्रं चाळणाऱ्यांसाठी उभी राहिली. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास, एक ग्रंथपाल, तोही तुटपुंज्या मानधनावर. अभ्यासाला सलग बसायचं तर दुपार मोकळी हवी, आणि दुपारी कुलूप असतं. अलिबाग, पेण, पनवेलसारख्या ठिकाणी वेगळ्या अभ्यासिका आहेत. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणारी मुलं तिथं दिवसभर बसतात. मुरूड-श्रीवर्धनच्या आडगावातल्या मुलाला मात्र तिथवर पोचायलाच दीड-दोन तास लागतात.

जागेच्या या प्रश्नाकडे मानसशास्त्रज्ञांनीही पाहिलं आहे, आणि त्यांचा एक प्रयोग आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन समजेल असा आहे. १९७५ साली डंकन गॉडेन आणि अ‍ॅलन बॅडली या ब्रिटिश संशोधकांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही किनाऱ्यावर आणि काही समुद्राच्या पाण्याखाली. पाण्यात पाठ केलेले शब्द पाण्यातच जास्त आठवले, जमिनीवर पाठ केलेले जमिनीवर. त्यावरून परीक्षा जशा जागी तसाच अभ्यास करावा, असा सल्ला अनेक वर्षं दिला गेला. पण २०२१ साली हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे त्या सल्ल्याला आज फार चिकटून राहू नये. त्याहून उपयोगी आहे तो स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्यॉर्क यांचा १९७८ सालचा प्रयोग. तीच यादी एकाच खोलीत दोनदा वाचलेल्यांपेक्षा दोन वेगवेगळ्या खोल्यांत वाचलेल्यांना, तिसऱ्याच खोलीत विचारल्यावर, जास्त शब्द आठवले. परीक्षेचं केंद्र हे असंच अनोळखी तिसरं ठिकाण असतं. टेबल खोलीतून पडवीत, पडवीतून माळ्यावर हलवावं लागणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. जागा बदलली म्हणून अभ्यास वाया जात नाही. तो वाया जातो मधेच उठावं लागतं म्हणून.

जागेपेक्षाही मोठा फरक पडतो तो अभ्यासाच्या रीतीनं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. वाचनालयात चार तास बसून तेच पान चौथ्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, आज खूप झालं. ते वाटणं फसवं आहे. शेजारची खुर्ची भरलेली आहे, सगळे माना खाली घालून बसले आहेत, त्यामुळे आपणही बसतो, हा वाचनालयाचा मोठा गुण. पण तिथं बसून करायचं काय, हे ठरवून जायला हवं.

आणि तिथं एक गोष्ट करताच येत नाही: तोंडानं म्हणणं. सनावळ्या, सूत्रं, संस्कृतची रूपं, इंग्रजी शब्द मोठ्यानं म्हटले की मनात वाचण्यापेक्षा जास्त टिकतात, हेही तपासून पाहिलेलं आहे. घरात ते जमतं. आई मासे साफ करत असली तरी वही तिच्यासमोर धरून ‘विचार मला’ म्हणता येतं. ती शिकलेली नसली तरी चालतं. अडखळलं कुठं, हे ऐकणाऱ्याला कळतंच. म्हणून माझी वाटणी सरळ आहे. नवा धडा समजून घेणं, गणितं सोडवणं, घड्याळ लावून तीन तासांची प्रश्नपत्रिका लिहिणं यासाठी वाचनालय. उजळणी, पाठांतर आणि उलटतपासणी यासाठी घर. जाण्यायेण्यात दीड तासाहून जास्त जाणार असेल तर रोज जाऊ नये, आठवड्यातून दोनदा प्रश्नपत्रिका लिहिण्यापुरतं जावं.

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. बडोद्याला शिकत असताना सुट्टीत दुपारचं जेवण झालं की ते तिथल्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसत. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं होतं, त्याच काळातली ही गोष्ट. उन्हाळ्यात एकदा अंगातला सदरा काढून ते वाचत बसले. नोकरानं हटकलं, तक्रार वर गेली, इंग्रज अधिकाऱ्यानं बोलावून घेतलं आणि शिष्टाचार कळतो का, असं विचारलं. स्वतः बसून दुसऱ्याला उभं ठेवणं आमच्याकडे शिष्टाचारात बसत नाही, असं उत्तर त्या पोरानं दिलं. साहेबानं खुर्ची दिली, काय वाचतोस ते विचारलं आणि याला हवी ती पुस्तकं द्या, असं ग्रंथपालाला सांगितलं. वाचनालयाचा नियम वाचणाऱ्यासाठी वाकतो तेव्हा काय घडतं, ते या प्रसंगात दिसतं. मे महिन्यात बंद खिडक्यांच्या खोलीत पंख्याखाली जागा मिळवायला धडपडणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपली वाचनालयं इतकी वाकतात का?

महाडच्या चवदार तळ्यामुळे रायगड जिल्ह्याशी कायमचं नातं जडलेले डॉ. आंबेडकर शाळेत होते तेव्हा परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहत होतं. वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः झोपत. दिवसा तो चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. तिथंच कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली, आणि मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढं लंडनमध्ये दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात गेले आणि रात्री खोलीवर. घर, ग्रंथालय आणि दोन्ही नसतं तेव्हा बाग. किनाऱ्यावरच्या मुलांनाही अशी तिसरी जागा लागते. जून २०२० मध्ये तर घर आणि वाचनालय दोन्ही एकदम गेलं होतं. कोरोनामुळे वाचनालयं बंद होती आणि ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानं घरांवरचे पत्रे उडाले, वीज गेली. कित्येक गावांत ती काही आठवडे आली नाही.

ही तिसरी जागा शोधायला लांब जायला नको. जिल्हा परिषदेची शाळा संध्याकाळी सुटते आणि तिचे वर्ग सकाळपर्यंत रिकामे असतात. बाक आहेत, फळा आहे, दिवे आहेत. प्रश्न तीनच उरतात. किल्ली कुणाकडे राहील, वाढलेलं वीजबिल कोण भरेल आणि रात्री नऊला मुली घरी कशा पोचतील. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सुटला नाही तर अभ्यासिका फक्त मुलांची होते. शेवटच्या एसटीवर भिस्त ठेवून तो सुटणार नाही. वस्तीनिहाय दोन-दोन पालकांनी पाळी लावली तर सुटेल, आणि बचतगटातल्या बायकांना विचारलं तर पाळीची यादी एका बैठकीत होईल. बिलाचा आणि किल्लीचा निर्णय ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती मिळून घेऊ शकतात. हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आणून उपयोग नाही, तोवर परीक्षा दारात आलेली असते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आणावा, म्हणजे नाताळच्या सुट्टीत पाहुणे यायच्या आत वर्गाचं कुलूप उघडलेलं असेल.