'युगान्त' : नाट्यत्रयीचा शेवट

नाट्यत्रयीतील अखेरच्या नाटकाने आधीच्या गाठी सोडवाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक होय. महेश एलकुंचवारांचे 'युगान्त' ती पुरी करीत नाही. तरीही 'वाडा चिरेबंदी' व 'मग्न तळ्याकाठी' यांनंतर ते समाधान देते. १९९४ साली मुंबईच्या 'आविष्कार'ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके एकापाठोपाठ सादर केली, तेव्हा हे विशेषत्वाने जाणवले. पहिल्या नाटकात वाड्यापुढे केवळ एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तिसऱ्यात दुष्काळाने अवघा परिसरच ओसाड केला आहे. तेथे वाड्यातला पराग आणि मुंबईकर सुधीरचा मुलगा अभय बोलत राहतात. हा संवाद क्वचित तत्त्वचर्चेकडे झुकतो, हे मान्य. परंतु सुधीरच्या मुंबईस जाण्याने देशपांडे घराण्यात पडलेले अंतर या दोन चुलतभावांच्या शेजारी बसण्यानेच मिटते. त्यासाठी वेगळी घटना लागत नाही.