बशीतल्या दुधावरची फुंकर

पहिलीच्या वर्गात भांडण पेटायला खोडरबर पुरतं. परवा मधल्या सुट्टीनंतर एकाने दुसऱ्याचं खोडरबर उचललं. दुसऱ्याने कंपासपेटी भिरकावली आणि बाकाखाली जाऊन बसला. मुठी आवळलेल्या, कान लाल. अशा मुलांबद्दल स्टाफरूममध्ये जी ठाम मतं ऐकू येतात, त्यातली निम्मी कधीकाळी माझीही होती.

गैरसमज : 'नाटकं आहेत. लक्ष दिलंत तर डोक्यावर बसेल.'

वस्तुस्थिती : मेंदूचा कपाळामागचा भाग आपल्या वागण्याला लगाम घालतो. तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात हा लगाम जेमतेम आलेला असतो. काही मुलं एक डोळा बाईंकडे ठेवून रडतात, नाही असं नाही. ते ओळखू येतं. बाकाखालच्या मुलाला मात्र कुणी बघायलाच नको होतं.

गैरसमज : 'चूक तिथल्या तिथे समजावून सांगावी.'

वस्तुस्थिती : मी कित्येक वर्षं हेच केलं. डोक्यावर उभी राहून 'का फेकलंस? बोल ना!' मूल आणखी आत सरकायचं. छाती धडधडत असताना कुणाला कारणं सुचतात? मोठ्यांनाही सुचत नाहीत. आता मी हातभर अंतरावर फरशीवर बसते, आवाज उतरवते, 'मी इथेच आहे' एवढंच म्हणते. जरा वेळाने ओंजळ पुढे करते : 'ही बशी. दूध गरम आहे. साय न हलवता फुंकर घाल.' सायीसाठी फुंकर हळू आणि लांब घालावी लागते, आणि श्वास असा सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. ही फुंकर आम्ही रोज परिपाठानंतर घोकतो, सगळे खुशीत असताना. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

खोडरबराचा न्याय दहा मिनिटांनी झाला. पेटी फेकणाऱ्यानेच उचलली, विखुरलेल्या पेन्सिलीही त्यानेच गोळा केल्या. राग माफ, फेकणं नाही.

गैरसमज : 'उशीवर गुद्दे मारू द्या, राग निघून जाईल.'

वस्तुस्थिती : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं. राग आणणाऱ्या माणसाला मनात धरून ज्यांनी गुद्दे मारले, त्यांचा राग नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा जास्त असल्याचं दिसलं. गुद्द्यांनी रागाची तालीमच होते.

गैरसमज : 'एक धपाटा, की प्रश्न मिटला.'

वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17. शारीरिक शिक्षा बंद आणि मानसिक छळही बंद. वर्गासमोर 'रडूबाई' म्हणून चिडवणं मी दुसऱ्या प्रकारातच धरते.

गैरसमज : 'ती किती शहाणी! कधी रडत नाही.'

वस्तुस्थिती : हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण गप्प मुलाचा कुणाला त्रास होत नाही. डबा न उघडता परत नेणारी, रोज प्रार्थनेच्या वेळी पोट दुखणारी मुलं पटावर 'शांत' म्हणून जमा होतात. त्यांना विचारलं तर 'काही नाही' म्हणतात, कारण 'राग आला' आणि 'रडू आलं' यापलीकडे शब्दच दिलेले नसतात. एरवी मराठीत काय कमी आहे? रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. खट्टू होणं, धुसफुसणं, ओशाळणं, भेदरणं. फळ्याशेजारी मी असे आठ चेहरे काढलेत. हजेरीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी हव्या त्या चेहऱ्याखाली लावायची.

गेल्या महिन्यात आमच्या एका 'शहाणी'ची चिठ्ठी सलग तीन दिवस 'भेदरले'खाली होती. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी डबा उघडून बसले. अर्धी पोळी संपल्यावर ती म्हणाली, ''बाई, फाटकाजवळ तो काळा कुत्रा बसतो ना…''